बांधणी भिंतींची आणि समाजाची

परदेशातील एखाद्या खेड्यात जाऊन शाळेची भिंत बांधणारे, पाण्याची टाकी उभारणारे किंवा समाजमंदिराला रंग देणारे विद्यार्थी आता जगाला नवीन राहिलेले नाहीत. युरोप-अमेरिकेतील असंख्य तरुण दर सुट्टीत आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, नेपाळ-कंबोडियात दोन-तीन आठवड्यांसाठी जातात, अंगमेहनत करतात आणि परततात. आपल्या महानगरांतील संपन्न शाळांमध्येही ही प्रथा रुळू लागली आहे. तिचे पडसाद रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचले आहेत. मुलाला किंवा मुलीला अमेरिकेतील विद्यापीठात पाठवायचे तर गुणपत्रिकेबरोबर ‘सामाजिक कार्याचा अनुभव’ही दाखवावा लागतो, हे पालकांना आता ठाऊक झाले आहे. अर्जातील तो रकाना भरण्यासाठी सेवेचा शोध सुरू होतो. या निमित्ताने एका मूलभूत प्रश्नाचा विचार करणे आवश्यक आहे. तरुणांच्या हातून काय बांधले जावे, आणि ते कुणासाठी?

या प्रथेची तिच्या आजच्या बाजारी रूपावरून हेटाळणी करणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. तिचा उगम निर्मळ आहे. पहिल्या महायुद्धाने फ्रान्समधील वर्दूंचा परिसर उद्ध्वस्त झाला होता. १९२० मध्ये पिएर सेरेसोल हे स्विस गृहस्थ काही सहकाऱ्यांना घेऊन तेथील एका खेड्यात घरे उभारण्यासाठी गेले. त्यांच्या तुकडीत जर्मनही होते. कालपर्यंत ज्यांच्या तोफांनी ते गाव जमीनदोस्त केले, त्यांच्याच देशबांधवांनी तेथे माती उपसावी, ही कल्पना तेव्हाच्या वातावरणाला पेलली नाही आणि पुढील वर्षी त्यांना ते काम थांबवावे लागले. पण विचार मेला नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल भारतात आले. राजेंद्रबाबूंच्या नेतृत्वाखाली बिहारमध्ये साहाय्याचे मोठे काम उभे राहिले होते. त्या काळात मुजफ्फरपूरच्या परिसरात पुराच्या तोंडी सापडणारी गावे सुरक्षित जागी नव्याने वसविण्याच्या कामात सेरेसोल आणि त्यांचे मोजके सहकारी सहभागी झाले. आंतरराष्ट्रीय श्रमदान शिबिरांच्या इतिहासातील हे प्रारंभीचे पान भारतभूमीवर लिहिले गेले, याची आठवण फारच थोड्यांना आहे.

पुढे राष्ट्रांनीही ही कल्पना उचलली. अमेरिकेच्या शासनाने १९६१ मध्ये ‘पीस कोअर’ स्थापन केली. तिचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत भारतातही काम करीत होते. त्यामागे शीतयुद्धाचे राजकारण होते, हे उघड आहे. तरीही त्या तरुणांना दोन वर्षे राहावे लागे आणि जेथे जायचे तेथील भाषा शिकावी लागे, एवढे तरी मान्य केले पाहिजे. आज ती दोन वर्षे दोन आठवड्यांवर आली आहेत, आणि भाषा शिकण्याची अट कुणी घालत नाही. सेवेच्या जागी सहल आली आणि सहलीच्या पाठोपाठ सहलीचे व्यापारी आले.

त्याचे परिणामही समोर आले आहेत. एका अमेरिकन लेखिकेने २०१४ मध्ये आपला टांझानियातील विद्यार्थिदशेतील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या गटाने एका ग्रंथालयाच्या भिंती दिवसभर बांधायच्या आणि रात्री तेथील गवंड्यांनी त्या उतरवून पुन्हा नीट बांधायच्या, असा क्रम चालला होता. मुलींना वाईट वाटू नये म्हणून त्यांना ते सांगितले जात नव्हते. नेपाळमधील कथा तर अधिक वेदनादायक आहे. तेथील अनाथालयांमध्ये सेवा करण्यासाठी परदेशी तरुणांची रीघ लागली आणि त्यांच्याबरोबर पैसा आला. मग त्या पैशासाठी खेड्यापाड्यांतील गरीब आईबापांची मुले शिक्षणाच्या आमिषाने शहरात आणून ‘अनाथ’ म्हणून ठेवली जाऊ लागली. त्या संस्थांमधील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे पुढे उघड झाले. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीचा विचार करताना या प्रकाराची गंभीर दखल घेतली. सेवा करणाऱ्याच्या समाधानासाठी सेव्य निर्माण करावे लागणे, याहून सेवेचा मोठा अपमान कोणता? सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागणाऱ्यांवर आपण नेहमी टीका करतो आणि ती योग्यच आहे. परंतु सेवेच्या मोबदल्यात छायाचित्र आणि प्रशस्तिपत्र मागणाराही त्याच वाटेने काही अंतर चाललेला असतो, हे नजरेआड करता येणार नाही.

हे पाश्चात्यांचे दोष आहेत, आपल्याकडे असे काही नाही, असे म्हणून सुस्कारा सोडावा अशी मात्र स्थिती नाही. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याकडेच पाहावे.

या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात पऱ्हे-वहाळ दुथडी भरून वाहतात. तरीही एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. डोंगराचा तीव्र उतार, समुद्राचे कमी अंतर आणि पाणी धरून न ठेवणारा सच्छिद्र जांभा यांमुळे पडलेले पाणी थांबत नाही. ते थांबविण्याचा एक साधा, कमी खर्चाचा उपाय म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने तो महाराष्ट्रभर ओळखला जातो. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, त्यांची तोंडे शिवायची आणि पऱ्ह्याच्या पात्रात ती सांधेमोड करून एकावर एक रचायची. तज्ज्ञ अभियंत्याची गरज नाही, यंत्र नको, फक्त माणसे हवीत. अडलेले पाणी जमिनीत मुरते, जवळच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो, गुरांना पाणी आणि परसातल्या भाजीला ओल मिळते.

हे काम विद्यार्थ्यांसाठीच जणू योजलेले आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करावे आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. कोकणातील महाविद्यालयांच्या शिबिरांत वनराई बंधारा हा नेहमीचा कार्यक्रम असतो आणि त्यातून चांगली कामेही झाली आहेत. परंतु पऱ्ह्याचे वेळापत्रक आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक एक नसते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पऱ्ह्याला अजून धार असते. बंधारा तेव्हाच घातला पाहिजे. महाविद्यालयाच्या परीक्षा आटोपून शिबिर भरेपर्यंत डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारी उजाडतो. तोवर अनेक ठिकाणी पात्रात अडविण्याजोगे पाणीच उरलेले नसते. मग कोरड्या पात्रात पोती रचली जातात, फलक लागतो, छायाचित्र निघते, अहवाल पूर्ण होतो. टांझानियातील ती भिंत आणि हा बंधारा यांत तत्त्वतः फरक काय? दोन्हीकडे बांधणाऱ्याची सोय पाहिली गेली, ज्याच्यासाठी बांधायचे त्याची नाही.

वनराई बंधाऱ्याचा आणखी एक गुण आहे. वरवर पाहता तो दोष वाटतो. तो एकाच हंगामापुरता असतो. पहिल्या मोठ्या पावसात पोती वाहून जातात आणि पुढील वर्षी सारे नव्याने करावे लागते. जो एकदाच येणार आहे, त्याच्या दृष्टीने हे काम व्यर्थ आहे. जो दरवर्षी येणार आहे, त्याच्या दृष्टीने मात्र हा बंधारा म्हणजे गावाशी केलेला वार्षिक करार आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थी पाहुणे असतात. दुसऱ्या वर्षी गावातील म्हातारे त्यांना नावाने हाक मारतात. तिसऱ्या वर्षी ‘गेल्या खेपेस पोती खालच्या अंगाला घातली होती, ती चूक होती’ असे गावकरी मोकळेपणाने सांगू लागतात. काम सुधारते आणि नातेही घडते. समाजबांधणी म्हणतात ती हीच.

कोकणी माणसाला हे शिकविण्याची गरज नसावी. शेतीच्या कामात एकमेकांच्या बांधावर आळीपाळीने राबण्याची सावड आणि इर्जिकीची रीत महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात पिढ्यान्‌पिढ्या होती. गिरणीत राबणारा चाकरमानी मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहिला, पण गावाला विसरला नाही. गावोगावच्या ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ या मंडळांनी वर्गणी गोळा करून देवळांचे जीर्णोद्धार केले, शाळांना खोल्या बांधून दिल्या. गणपतीला आणि शिमग्याला तो परत येई, आपण दिलेल्या पैशाचे काय झाले ते डोळ्यांनी पाही आणि पुढच्या कामाचे ठरवी. आधी नाते होते, मग वर्गणी होती आणि मग इमारत होती. दूर देशी जाऊनही आपल्या माणसांसाठी बांधत राहण्याची ही रीत जगातील कोणत्याही स्वयंसेवी चळवळीने अभ्यासावी अशी आहे. आज ती क्षीण होत आहे. वाड्या रिकाम्या होत आहेत, कुलूपबंद घरांची संख्या वाढते आहे, पटसंख्येअभावी शाळांपुढे प्रश्नचिन्ह आहे. चाकरमान्याचा नातू आता मुंबईतही नाही, तो सिंगापूर किंवा न्यू जर्सीला आहे. त्याला गावाशी बांधून ठेवणारा दुवा कोणता, हा कोकणापुढील खरा प्रश्न आहे.

रत्नागिरी शहरात या विषयाचा वस्तुपाठच उभा आहे. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी होती, म्हणून त्यांनी समाजकारण हाती घेतले. मंदिराचा भार दानशूर भागोजीशेठ कीर यांनी उचलला. भंडारी समाजातील या पुरुषाने गरिबीतून वर येऊन मुंबईत बांधकाम व्यवसायात नाव मिळविले होते. इमारत कशी बांधतात हे त्यांना कुणी सांगावे लागत नव्हते. परंतु जे मंदिर उभे राहिले, त्याचे मोल चिरे आणि चुना यांत नव्हते. सर्व जातींच्या हिंदूंना जेथे समान प्रवेश आहे, असे स्थान त्यातून निर्माण झाले. त्याआधीची वर्षे घरोघर जाऊन समजावण्यात, शाळांतून सर्व जातींची मुले एकत्र बसावीत यासाठी झगडण्यात आणि सहभोजने घडवून आणण्यात गेली होती. विरोध परक्यांचा नव्हता, आपल्याच माणसांचा होता. मंदिर हा त्या कष्टांचा आरंभ नव्हता, त्यांना आलेले फळ होते. १९३७ मध्ये सुटका होईपर्यंत सावरकर तेथेच राहून हे काम करीत होते. २०३१ मध्ये या मंदिराला शंभर वर्षे पूर्ण होतील. शताब्दीला रोषणाई होईलच. पण जिल्ह्यातील प्रत्येक वाडीच्या पाणवठ्यावर, स्मशानभूमीत आणि देवळात सर्वांना समान स्थान आहे का, याची पाहणी तरुणांनी तोवर पूर्ण केली, तर ती शताब्दी सार्थ होईल. बंधारा बांधताना त्याचे पाणी गावातील कोणत्या वाडीला मिळणार आहे, हा प्रश्न विचारणे हेही समरसतेचेच काम आहे.

राहून केलेल्या सेवेची उदाहरणे आपल्याकडे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि साऱ्या महाराष्ट्रातून तरुण मदतीला धावले. बहुतेक जण महिन्या-दोन महिन्यांत परतले, ते स्वाभाविकही होते. परंतु ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते मराठवाड्यातील हराळी येथे थांबले आणि तेथे निवासी शाळा उभी राहिली. संघाच्या जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळ येथे भूकंपग्रस्त मुलांसाठी निवासी विद्यालय सुरू केले. ढिगारा उपसण्याचे काम काही आठवड्यांचे होते, मुले घडविण्याचे काम पिढ्यांचे आहे. आपत्तीत प्रथम धावून जाणे हे स्वयंसेवकाचे भूषण आहे. शेवटी निघणे हे त्याहून मोठे भूषण आहे.

रत्नागिरी जिल्ह्याने अलीकडच्या वर्षांत आपत्तींची मालिकाच सोसली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची छपरे उडविली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले. चिपळूणमध्ये तेव्हा राज्याच्या अनेक भागांतून तरुण आले. घराघरांतील, दुकानांतील चिखल त्यांनी उपसला, विहिरी स्वच्छ केल्या, कुटुंबांना धीर दिला. ते दृश्य पाहिलेल्यांचा तरुण पिढीवरील विश्वास दृढ झाला असेल. पण चिखल निघाल्यावरचे काम कुणाचे? नदीतील गाळाचा प्रश्न चिपळूणच्या नागरिकांनी नेटाने लावून धरला, तेव्हा तो काढण्याचे काम पुढे सरकले. डोंगरउतारावरील वृक्षतोड, नदीपात्रातील भराव, पूररेषेतील बांधकामे यांवर लक्ष ठेवणे हे कंटाळवाणे काम आहे. त्याला टाळ्या मिळत नाहीत. भूगोल, वनस्पतिशास्त्र, स्थापत्य शिकणारे विद्यार्थी दरवर्षी एका पऱ्ह्याची, एका उताराची मोजणी करून ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवू लागले, तर ती चिखल उपसण्याइतकीच मोलाची सेवा ठरेल.

मग परदेशी जाऊ नये काय? असा अर्थ कुणी काढू नये. एका विमान तिकिटाच्या पैशात किती बंधाऱ्यांची पोती येतील, हा हिशेब करता येतो, पण तो अपुरा आहे. ज्याने घराबाहेरचे जग पाहिले नाही, त्याला घरही पूर्ण कळत नाही. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने १९६६ मध्ये ‘आंतरराज्य छात्र जीवन दर्शन’ हा उपक्रम सुरू केला. पूर्वोत्तर भारतातील विद्यार्थी अन्य राज्यांत जातात आणि कुटुंबांमध्ये राहतात. तेथे कुणी कुणावर उपकार करीत नाही. पाहुण्याला घरातील जेवण मिळते आणि यजमानाला देशाचे दर्शन घडते. विद्यार्थ्यांच्या कोणत्याही प्रवासाला हा नमुना लावून पाहावा. जेथे जायचे तेथे शिकण्यासाठी जावे, कुणाच्या तरी घरात राहावे, तेथील गवंड्याच्या हाताखाली काम करावे आणि परतल्यावरही पत्रव्यवहार ठेवावा. तसे होत असेल तर काठमांडू काय आणि नैरोबी काय, विद्यार्थ्याने अवश्य जावे. दुर्बलाचा उद्धार करायला आलेला म्हणून जाणार असेल, तर त्याने शेजारच्या वाडीतही जाऊ नये.

याची दुसरी बाजूही आहे. परदेशात वाढलेली भारतीय वंशाची मुले सेवेसाठी भारतात येत आहेत. अमेरिकेतील सेवा इंटरनॅशनलसारख्या संस्था त्यासाठी उपक्रम चालवितात. यांतील काही मुलांची मुळे कोकणात आहेत. त्यांना आजोबांचे घर दाखवायला काका-मामा नेतात, समुद्र दाखवितात, आमरस वाढतात आणि परत पाठवितात. त्यांना कामाला का लावू नये? मे महिन्यात आलेल्या मुलाने आजोळच्या वाडीची विहीर उपसण्यात हातभार लावावा, शाळेतील मुलांना महिनाभर इंग्रजी शिकवावे आणि त्यांच्याकडून मराठी शिकावे. चाकरमान्याची तुटू पाहणारी परंपरा जोडण्याचा हा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र त्यासाठी यजमानांनी, म्हणजे स्थानिक कार्यकर्त्यांनी, कामाची आखणी आधीच करून ठेवली पाहिजे. पाहुण्यासाठी ऐनवेळी काम शोधले, की पुन्हा तोच देखावा सुरू होतो.

कार्यकर्त्यांनी आणि महाविद्यालयांनी मिळून काही पथ्ये ठरवून घ्यावीत. एका महाविद्यालयाने एक गाव निवडावे आणि किमान पाच वर्षे ते बदलू नये. कोणते काम करायचे ते गावाच्या बैठकीत ठरावे आणि त्या बैठकीला सर्व वाड्यांतील स्त्री-पुरुष असावेत. पाणी कुठे आटते हे घरातील बाईला जितके ठाऊक असते तितके कुणालाच नसते. बंधाऱ्याची तारीख पऱ्ह्याने ठरवावी. शिबिर जानेवारीत असेल तर असो, पण ऑक्टोबरमधील दोन रविवार त्यासाठी काढता येतात आणि ते तास २४० तासांच्या हिशेबात धरता येतात. कामाच्या जागी गावातील अनुभवी माणूस प्रमुख असावा, प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याचे साहाय्यक असावेत. आणि मे महिन्यात, जेव्हा फलक उन्हाने विटलेला असतो, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांनी जाऊन विहिरीतील पाण्याची पातळी मोजावी. जी सेवा स्वतःचा ताळेबंद तपासत नाही, ती भाबडी राहते.

पालकांनीही आपला विचार तपासावा. मुलाच्या अर्जात सेवेचा उल्लेख असावा ही इच्छा गैर नाही. पण तीन वर्षे एकाच वाडीवर जाऊन ज्याने पोती भरली, तेथील माणसांचे बोलणे ऐकून घेतले, एकदा चुकलेला बंधारा पुन्हा घातला, त्याला अर्जात काय लिहावे हे शोधावे लागणार नाही. तो पुढे जगाच्या पाठीवर कोठेही गेला, तरी त्या गावाकडे त्याचे लक्ष राहील. राष्ट्र ही अमूर्त कल्पना नसून ओळखीच्या माणसांचा समूह आहे, हे त्याला अनुभवाने कळलेले असेल.

शाळा, मंदिरे, रस्ते शासन बांधू शकते, देणगीदार बांधू शकतात, कंत्राटदार तर बांधतातच. गाव मात्र त्यांना बांधता येत नाही. ते काम परत परत येणाऱ्या माणसांचेच आहे. यंदाचा पाऊस ओसरेल, पऱ्ह्यांची धार बारीक होऊ लागेल, तेव्हा रत्नागिरीच्या वाड्यांवर रिकामी पोती घेऊन किती तरुण पोहोचतात आणि पुढच्या वर्षी त्यांतील किती जण पुन्हा दिसतात, यावरच समाजबांधणीच्या साऱ्या गोष्टींची परीक्षा होणार आहे.